जुळ्या शहरांच्या करारात खोरं कुठे आहे?

‘आंदर मावळातल्या पाण्यावर पीएचडी करतेय’ असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पुण्याचा असेल तर ‘म्हणजे लोणावळ्याकडे का?’ आणि मुंबईचा असेल तर ‘आंध्रात?’ हा दुसरा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. त्याच्याकडे येऊच.

आज बोलायचंय ते जुळ्या शहरांबद्दल, म्हणजे ‘सिस्टर सिटी’बद्दल. तुम्ही म्हणाल, आंदर मावळाचा आणि याचा काय संबंध? असल्या करारांच्या यादीत आंदर मावळ कुठेच येत नाही. बरोबर. माझी तक्रार तीच आहे, आणि ती नीट मांडायची तर आधी हे करार काय असतात ते बघायला हवं.

ही कल्पना जन्मली ती युद्धाच्या राखेतून. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालं. पुढे स्टालिनग्राडची लढाई सुरू झाली तेव्हा कॉव्हेंट्रीच्या आठशेहून जास्त बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामाने काढली, प्रत्येकीने थोडे पैसे घातले आणि ते स्टालिनग्राडला पाठवलं. १९४४ मध्ये ही दोन शहरं औपचारिकपणे जोडली गेली. त्या कापडावर सह्या होत्या त्या साध्या बायकांच्या, हे लक्षात ठेवा. पुढे फ्रान्स आणि जर्मनी या कालच्या शत्रूंनी हीच वाट धरली. १९५० मध्ये माँबेलियार आणि लुडविग्सबुर्ग यांच्यापासून सुरुवात झाली आणि आज त्या दोन देशांत अशा दोन हजारांहून जास्त जोड्या आहेत. त्यात मोठी शहरं आहेत तशी लहान लहान गावंही आहेत. अमेरिकेत १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लोकांनी लोकांशी नातं जोडावं म्हणून मोहीम काढली आणि तिथल्या शहरांना जगभर बहिणी मिळत गेल्या.

आपल्याकडे हे लोण आलं ते बहुतेक मोठ्या शहरांपुरतं. मुंबई–योकोहामा १९६५, मुंबई–लॉस एंजेलिस १९७२, पुणे–सॅन होजे १९९२. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि चीनमधलं दुनहुआंग यांचा करार २०१५ चा. या शेवटच्या जोडीचं कारण तरी डोळ्यांना दिसतं: इकडे अजिंठा-वेरूळ, तिकडे मोगाओची बौद्ध लेणी. बाकीच्या जोड्यांचं काय?

या करारांकडे मी एखाद्या पुस्तकाकडे किंवा नाटकाकडे बघावं तसं बघते. त्यात पात्रं कोण आहेत, मंचावर काय वस्तू ठेवल्यात आणि पडद्यामागे कोण राहिलंय, हे तीन प्रश्न विचारते. चला, पुण्यापासून सुरू करू.

पुण्याच्या तीन वस्तू

पुण्याच्या परदेशी मैत्रीच्या तीन खुणा तुम्हाला सहज सापडतील. पहिली म्हणजे औंधचा ब्रेमेन चौक. रोज हजारो लोक तिथल्या सिग्नलला थांबतात, ‘ब्रेमेनला उतरायचंय’ म्हणून रिक्षावाल्याला सांगतात, आणि ब्रेमेन हे जर्मनीतलं एक शहर आहे हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

दुसरी खूण परदेशात आहे. पुण्याने सॅन होजेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भेट दिला. तो तिथल्या ग्वादालुपे नदीकाठच्या उद्यानात उभा होता. जानेवारी २०२३ मध्ये तो चोरीला गेला आणि पुढे सापडला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना या पुतळ्याची आणि त्या निमित्ताने या कराराची पुन्हा आठवण झाली. भेट म्हणून पुतळा निवडला यात नवल नाही. पण माझ्यासारखीला मावळात फिरताना एक वाक्य सुचल्यावाचून राहत नाही: महाराज सॅन होजेला गेले, मावळे इथेच राहिले.

तिसरी खूण सगळ्यात देखणी. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे–ओकायामा मैत्री उद्यान. २००६ मध्ये उघडलं. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलंय. ओढे, तळी, पूल, हिरवळ. रविवारी फोटो काढणाऱ्यांची गर्दी.

मूळ कोराकुएन बाग तिथल्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने, १७०० मध्ये पुरी केली. तिच्या आत भाताची खाचरं आहेत आणि चहाचा मळाही आहे. ऐश्वर्याच्या बागेत मधोमध भात! बागेचं आजचं नाव १८७१ मधलं आहे. ते एका जुन्या चिनी वचनावरून आलंय. त्याचा भावार्थ असा, की राज्यकर्त्याने जगाची काळजी सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं. कोराकु म्हणजे ‘नंतरचं सुख’.

पुण्याने या बागेतून घेतलं ते पाणी, पूल आणि हिरवळ. आपल्या फोटोंत येतं तेही तेवढंच. भाताची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि पुण्याला भात परका आहे म्हणावं तर तसंही नाही. पुणेकरांच्या ताटातला ‘इंद्रायणी’ हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला. मावळातला आंबेमोहोर आणि फिलिपिन्समधल्या संशोधन संस्थेतून आलेलं ‘आयआर-८’ यांच्या संकरातून तो झाला. म्हणजे मावळाचं परदेशाशी जुळणं झालंच, फक्त ते खाचरात झालं. त्याला ना चौक मिळाला, ना फलक.

पृष्ठप्रदेश म्हणजे काय?

इथे एक संकल्पना समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलंही शहर स्वतःच्या हद्दीत जगत नाही. त्याचं अन्न, पाणी, वीज, लाकूड, दूध आणि माणसंसुद्धा दुसरीकडून येतात. ज्या मुलखातून ती येतात त्याला शहराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. विल्यम क्रोनन या अमेरिकी इतिहासकाराने १९९१ मध्ये शिकागोवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. शिकागो शहर आणि त्याच्या आजूबाजूचा गव्हाचा, लाकडाचा, जनावरांचा मुलूख यांचा इतिहास वेगळा लिहिताच येत नाही, हे त्याने दाखवून दिलं. शहर आणि खेडं अशा दोन गोष्टी नसून ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

जुळ्या शहरांचे करार या मुद्द्यावर आंधळे असतात. ते महानगरपालिकेची हद्द म्हणजे शहर असं धरून चालतात. मुंबई–लॉस एंजेलिसच्या जोडीत हे कसं होतं बघा.

समुद्र, सिनेमा आणि एक गाळलेलं साम्य

मुंबई आणि लॉस एंजेलिस बहिणी का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: दोन्ही समुद्रकाठची, दोन्ही सिनेमाची, दोन्ही देशभरातून माणसं ओढून घेणारी. सगळं खरं. पण याहून घट्ट असं एक साम्य आहे आणि ते मिरवावंसं कुणाला वाटत नाही. दोन्ही शहरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरापलीकडच्या एका खोऱ्याचं पाणी वळवून आपल्या कामाला लावलं.

लॉस एंजेलिसची गोष्ट जगाला माहीत आहे. शहरापासून लांब, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला ओवेन्स खोरं आहे. शहराच्या वतीने तिथली जमीन गुपचूप विकत घेतली गेली आणि सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा बांधून १९१३ मध्ये तिथलं पाणी शहरात आणलं गेलं. पंप नाही, सगळं उतारावरून. वाटेत त्याच पाण्यावर वीजही निघू लागली. ओवेन्स सरोवर १९२० च्या दशकात कोरडं पडलं. नोव्हेंबर १९२४ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी कालव्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी परत नदीत सोडलं. पुढे सुरुंगही लावले. या खोऱ्याचं तिथल्या मूळच्या पायूट लोकांनी ठेवलेलं नाव आहे पायाहुनादू, म्हणजे ‘वाहत्या पाण्याची जागा’. वाहतं पाणी गेलं आणि त्या जागी अमेरिकेतली सगळ्यात जास्त धूळ उठवणारी कोरडी जमीन आली.

आता आपल्याकडे या. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर कान्हे फाट्याला आत वळा. टाकवे बुद्रुक, वडेश्वर करत पुढे गेलात की माळेगाव, सावळे, कुसूर ही गावं येतात आणि पुढे सह्याद्रीची धारच. ही आंद्रा नदी. हिच्यावरूनच खोऱ्याला आंदर मावळ म्हणतात. ती मूळची पूर्वेकडे वाहणारी: इंद्रायणी, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. या नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं गेलं, आणि १९२२ पासून साठलेलं पाणी घाटाखाली, कर्जतजवळच्या भिवपुरीच्या वीजगृहात सुमारे ५०० मीटर खाली सोडलं जाऊ लागलं. वीज मुंबईला गेली. तेव्हाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कापडगिरण्या. पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात गेलं आणि अरबी समुद्राला मिळालं. नदी एका समुद्राची होती, ती दुसऱ्याची झाली. कुसूर घाटाने माणसं शतकानुशतकं कोकणात उतरत होती. आता त्याच धारेवरून पाणी उतरतं, फक्त नळातून.

हे काम करणाऱ्या टाटांच्या कंपनीचं नाव होतं ‘आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’. आंद्रा नदीचं कागदावर ‘आंध्र’ झालं. म्हणून मुंबईचा माणूस मला ‘आंध्रात?’ असं विचारतो तेव्हा मी हसत नाही. ज्या खोऱ्याच्या पाण्यावर त्याच्या पणजोबांची गिरणी चालली, त्या खोऱ्याचं नावसुद्धा त्याच्यापर्यंत नीट पोचलं नाही.

धरणात काय गेलं, हे कुसूरच्या बाजूच्या एका आजोबांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, “खाचरं गेली, पोरी. वरकस राहिली.” ज्यांना शेतीतलं माहीत नाही त्यांच्यासाठी: खाचर म्हणजे खोऱ्याच्या तळाची, बांध घातलेली, भाताची जमीन. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. तिच्यात नाचणी, वरई येते, तीही जमिनीला मधूनमधून विश्रांती दिली तर. धरण नेहमी खोऱ्याच्या तळाशी पाणी साठवतं, म्हणजे सगळ्यात चांगली जमीन आधी जाते. माझ्या प्रबंधात यावर चाळीस पानं आहेत. आजोबांनी चार शब्दांत सांगितलं.

शेजारच्या मुळशीत त्याच काळात, १९२१ ते १९२४, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यावर राजेंद्र व्होरांनी महत्त्वाचं पुस्तक लिहिलंय. वर्ष बघा: ओवेन्स खोऱ्यात लोक कालव्याच्या दरवाजांवर जाऊन बसले तेही १९२४. एकमेकांची नावंही न ऐकलेले दोन डोंगराळ मुलखांतले शेतकरी एकाच काळात दोन महानगरांशी एकाच गोष्टीसाठी भांडत होते. मला विचाराल तर खरी जुळी भावंडं ही. १९७२ मध्ये ज्या दोन बहिणींनी हात मिळवले, त्या दोघींच्या अंगावरच्या दागिन्यांची किंमत या भावंडांनी मोजली होती.

आक्षेप, आणि त्यांना उत्तर

एका सहकाऱ्याने हे वाचून दोन आक्षेप घेतले. दोन्ही रास्त आहेत, म्हणून इथे मांडते.

पहिला: जुळ्या शहरांचा करार हा मैत्रीचा, सदिच्छेचा प्रकार आहे, त्याच्यावर पाणीवाटपाचं ओझं टाकणं अन्याय आहे. महापौराला परराष्ट्र धोरण नसतं आणि धरणावर अधिकारही नसतो. मान्य. मी कुठल्याही महापौराकडे आंद्रेचं पाणी मागत नाही. पण सदिच्छेलासुद्धा आशय लागतो. कॉव्हेंट्रीच्या बायकांकडेही अधिकार नव्हता. त्यांनी ओळखलं ते एवढंच, की आपल्यावर जे कोसळलं तेच त्यांच्यावर कोसळतंय. ती मैत्री एकाच प्रकारच्या दुःखावर उभी होती. आपले करार एकाच प्रकारच्या झगमगाटावर उभे राहतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: आज भिवपुरीची वीज सुमारे ७५ मेगावॉट, म्हणजे मुंबईच्या मागणीपुढे किरकोळ. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आता कशाला? याला माझं उत्तर असं, की वीज किरकोळ झाली असेल, पाणी झालेलं नाही. टाटांच्या सगळ्या धरणांतून मिळून कृष्णा खोऱ्याचं सरासरी सुमारे ४२ टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेला जातं. ते पूर्वेला सोडा अशी मागणी सोलापूरकडून, दौंड-इंदापूरकडून होत असते. इकडे आंद्रेवरच खाली दुसरं धरण झालं आणि त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. पाणी पूर्वेला न्यायचं की पश्चिमेला, यावर भांडण जोरात आहे. त्या भांडणात मधल्या खोऱ्याला कुणी पक्षकार धरत नाही. तो सगळ्यांच्या हिशेबात एक टाकी आहे.

आणि इथेच त्या लॉस एंजेलिसच्या कराराचा उपयोग झाला असता. ओवेन्स खोऱ्यातल्या लोकांनी भांडण सोडलं नाही. १९९१ मध्ये शहराला इन्यो काउंटीशी दीर्घ मुदतीचा करार करावा लागला: जमिनीतलं पाणी किती उपसायचं ते खोऱ्यातला झाडोरा मोजून ठरवायचं. नदीत पाणी परत सोडायचं कबूल झालं, मग दिरंगाई सुरू झाली, तेव्हा न्यायाधीशांनी शहराला दिवसाला ५००० डॉलर दंड लावला. डिसेंबर २००६ मध्ये खालच्या ओवेन्स नदीच्या सुमारे १०० किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी वाहिलं. कोरड्या सरोवराची धूळ बसवायला शहराला प्रचंड खर्च करावा लागला.

विचार करा, हे ज्ञान किती मोलाचं आहे. खोऱ्याने शहराशी कसं बोलायचं, काय मोजायचं, कुठली नोंद ठेवायची, कोर्टात काय टिकतं. आपल्या बहिणीच्या घरात हे सगळं घडत होतं. करार अस्तित्वात होता. पण तो शहराचा शहराशी होता, आणि शहर दुसऱ्या शहराला आपल्याला झालेला दंड कशाला सांगेल?

मग सगळं टाकाऊच का?

नाही. ब्रेमेन चौकाकडे परत एकदा बघू. ब्रेमेनमध्ये पुण्याशी नातं जपणारा नागरिकांचा एक मंच आहे. त्याच्या जर्मन नावात ‘मैत्री’ हा शब्द नाही. जो आहे त्याचा अर्थ ‘शहरांची एकजूट’. या एका शब्दाने खूप फरक पडतो. मैत्री बरोबरीच्या दोघांत होते, ती गोड बोलून निभावता येते. एकजूट म्हटली की प्रश्न येतो: कोणाबरोबर, आणि कशासाठी? असा शब्द निवडणाऱ्याला निदान तो प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडच्या चौकाच्या पाटीवर मात्र फक्त शहराचं नाव उरलं.

आणखी एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. मुंबईची जगभर ओळख असलेले डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना मुंबईत भेटले आणि २००५ मध्ये आपल्या लग्नाचं बोलावणं पाठवलं. गांधी टोपीवाली माणसं लंडनला जाऊन आली. कुठल्याही महापौराच्या सहीशिवाय घडलेलं हे आंतरराष्ट्रीय नातं. पण तिथेही ओळख झाली ती ‘मुंबईचे डबेवाले’ म्हणून. पाण्याचं जे झालं तेच माणसांचं: घाट उतरलं की मुंबईचं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. युरोपात पाचपन्नास घरांची गावं एकमेकांशी जोडलेली आहेत, तेव्हा हा प्रकार फक्त महापौरांच्या शिष्टमंडळांसाठी राखीव आहे असं समजायचं कारण नाही. आपली ग्रामसभा, आपली शाळा, आपली भात संशोधन करणारी माणसं यांनी ओवेन्स खोऱ्यातल्या शाळेशी, तिथल्या पायूट समाजाशी, तिथल्या पाणी समितीशी पत्रव्यवहार सुरू करायला कुणाची परवानगी लागते? टाकव्याच्या मुलांनी आपल्या धरणाचं चित्र पाठवावं, तिकडच्या मुलांनी आपल्या कोरड्या सरोवराचं. एवढ्याने पाणी परत येणार नाही, मला भ्रम नाही. पण आपल्यासारखं आणखी कुणाचं झालंय, त्यांनी पुढे काय केलं, आणि त्यातलं काय फसलं, हे कळायला लागतं. मोठ्या शहराशी बोलायला बसताना हे कळलेलं असणं फार उपयोगी पडतं.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या वेळी पेपरात दोन महापौर करारावर सही करतानाचा फोटो आला की दोन्ही शहरांची नावं वाचा, आणि मग विचारा: यांच्या नळाला पाणी कुठून येतं? उत्तरात ज्या खोऱ्याचं नाव येईल ते करारात शोधा. बहुधा सापडणार नाही. सापडलं तर मला नक्की कळवा. प्रबंधात एक प्रकरण वाढवायला मी आनंदाने तयार आहे, माझे मार्गदर्शक काहीही म्हणोत.

पुढच्या पोस्टमध्ये घाट उतरून भिवपुरीला जाऊ, आणि आंद्रेचं पाणी कोकणात पोचल्यावर कोणाकोणाचं होतं ते बघू.